व्हर्जिनियांतील चौऱ्याण्णवावा मतदारसंघ आणि चिठ्ठीचा कौल

(१)

इ. स. २०१८ च्या जानेवारी महिन्याच्या ४ तारखेस अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्याच्या राजधानींत, रिचमंड येथें, राज्य निवडणूक मंडळाची एक सभा भरली होती. निळ्या-पांढऱ्या रंगाचें एक मातीचें पात्र, छायाचित्रणाच्या फिती ठेवण्याच्या दोन जुन्या डब्या आणि त्या डब्यांत घातलेल्या दोन चिठ्ठ्या, एवढीच त्या सभेची सामग्री होती. एका चिठ्ठीवर डेव्हिड यान्सी व दुसरीवर शेली सायमंड्स असें नांव होतें. मंडळाचे अध्यक्ष जेम्स अल्कॉर्न यांनीं पात्रांत हात घालून एक डबी बाहेर काढली. तींतील चिठ्ठीवर यान्सी यांचें नांव निघालें. त्या चिठ्ठीनें राज्याच्या हाऊस ऑफ डेलिगेट्स या कनिष्ठ सभागृहांतील चौऱ्याण्णवाव्या मतदारसंघाची जागा ठरली. आणि ती जागा ठरल्यानें १०० सभासदांच्या त्या सभागृहांत रिपब्लिकन पक्षाचे ५१ व डेमोक्रॅटिक पक्षाचे ४९ असें बलाबल कायम झालें. दुसरी डबी प्रथम हातीं लागती, तर तेंच ५०-५० झालें असतें.

या घटनेचें वृत्त जगभर गेलें व बहुधा दोन सुरांत सांगितलें गेलें. एक सूर उपहासाचा होता: इतक्या सुधारलेल्या राष्ट्रांत लोकप्रतिनिधि शेवटीं सोडतीनें निवडावा ना! दुसरा सूर उपदेशाचा होता: पाहा, एका मताचें मोल किती असतें! शाळेंतील नागरिकशास्त्राच्या तासाला हा दुसरा सूर फार सोईचा. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें या दोहोंवर थांबूं नये असें वाटतें. तो मतदारसंघ कोठून आला, त्यांत मत देण्याचा अधिकार कोणास व केव्हां मिळाला, त्याच्या सीमा कोणीं आखल्या, हें क्रमानें पाहिल्यास एक निराळीच गोष्ट दृष्टीस पडते. ती ही कीं, या मतदारसंघाचे निकाल ज्या ज्या कारणांनीं ठरत आले, त्यांत त्या दिवसाची चिठ्ठी ही सर्वांत निःपक्षपाती होती. मताधिकार देणारा किंवा नाकारणारा हात आणि सीमारेषा ओढणारा हात हे दोन्ही डोळस होते. पात्रांत गेलेला हात मात्र आंधळा होता. हें विधान पुढें सप्रमाण मांडलें आहे.

(२)

व्हर्जिनियाच्या आग्नेय भागांत जेम्स आणि यॉर्क या नद्यांच्या मध्यें एक चिंचोळें द्वीपकल्प आहे. जेम्स नदीच्या कांठानें लांबट पसरलेलें न्यूपोर्ट न्यूज हें शहर त्यावर वसलें आहे. ही भूमि अमेरिकन लोकसत्तेच्या इतिहासांत आरंभापासूनची आहे. याच नदीच्या वरच्या अंगास जेम्सटाऊन येथें ३० जुलै १६१९ रोजीं इंग्रज वसाहतवाल्यांची पहिली प्रातिनिधिक सभा भरली. व्हर्जिनियाचें आजचें विधिमंडळ आपली परंपरा त्या सभेपासून मोजतें. त्याच वर्षीं, ऑगस्टच्या अखेरीस, याच द्वीपकल्पाच्या टोकाशीं पॉइंट कम्फर्ट येथें वीसांहून थोडे अधिक आफ्रिकी बंदिवान एका जहाजानें आणले, आणि अन्नसामग्रीच्या बदल्यांत ते वसाहतवाल्यांच्या हवालीं झाले. सभा आणि दास्य, दोहोंचा जन्म एका वर्षाचा व एका नदीमुखावरचा आहे. पुढील साडेतीन शतकांचा मताधिकाराचा झगडा या एका वर्षांत बीजरूपानें सांपडतो.

इ. स. १६३४ मध्यें वसाहतीचे आठ भाग पाडण्यांत आले, त्यांतला एक वॉरविक नदीच्या नांवाचा होता. तो पुढें वॉरविक परगणा म्हणून ओळखला जाऊं लागला व अडीच शतकें शेतीवरच राहिला. १८८१ मध्यें आगगाडी त्याच्या दक्षिण टोकापर्यंत आली. १८८६ मध्यें कॉलिस हंटिंग्टन या रेल्वेमालकानें तेथें जहाजें बांधण्याचा कारखाना काढला. आणि १८९६ मध्यें न्यूपोर्ट न्यूज हें स्वतंत्र शहर झालें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१८ मध्यें, गोदीच्या कामगारांकरितां केंद्र सरकारच्या पैशानें हिल्टन व्हिलेज ही वसाहत उभारण्यास आरंभ झाला. ही एका अर्थानें या भागांतील उपनगरी जीवनाची नांदी होय. मूळ शहर लहान व परगणा विस्तीर्ण. १९५२ मध्यें वॉरविकनेंही शहराचा दर्जा घेतला आणि १९५८ मध्यें दोन्ही शहरें एकत्र होऊन जुन्या परगण्याचीं शेतें हळूहळू घरांच्या रांगांनीं भरून गेलीं. १९६० मध्यें तेथें एक महाविद्यालय निघालें, त्याचेंच आज क्रिस्टोफर न्यूपोर्ट विद्यापीठ झालें आहे.

चौऱ्याण्णवावा मतदारसंघ बहुतांशीं या उपनगरी पट्ट्याचा होता. गोदींतील कारागीर, सैन्याचे आजी-माजी नोकर, शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी, गोरे आणि काळे असे सर्व थर त्यांत होते. कोणा एका पक्षाची तेथें पिढीजात मिरास नव्हती. अशा वस्तींत सीमारेषा एखादी गल्ली इकडे किंवा तिकडे सरकली तरी निकालाचें पारडें हलतें.

(३)

आतां मताधिकाराचा विचार करूं. यादवी युद्धानंतर काळ्या पुरुषांना मताचा अधिकार मिळाला, आणि त्या अधिकाराच्या जोरावर व्हर्जिनियाच्या विधिमंडळांत कित्येक काळे सभासद बसलेही. पण १९ वें शतक सरतांना ते नाहींसे झाले. १९०२ मध्यें राज्याची नवी घटना तयार झाली. ती मतदारांपुढें मंजुरीसाठीं न ठेवतां केवळ घोषित करण्यांत आली, यांतच तिचा हेतु स्पष्ट आहे. कारण जुन्या मतदारांचा कौल घेतला असता तर ज्यांचें मत जाणार होतें त्यांनीं तिला संमति दिली नसती. तिनें प्रत्येक मतदारावर वर्षास दीड डॉलरची डोईपट्टी बसविली. मागील तीन वर्षांची पट्टी निवडणुकीपूर्वीं सहा महिने भरलेली असावी असा नियम केला. पट्टी थकली कीं मत गेलें. त्यासोबत नोंदणीच्या वेळीं अर्जदाराची परीक्षा घेण्याची सोय होती, व परीक्षक हा अर्थातच सत्ताधाऱ्यांचा माणूस असे. १९०० आणि १९०४ या दोन अध्यक्षीय निवडणुकांत पडलेलीं मतें ताडून पाहिलीं असतां व्हर्जिनियांतील मतदान जवळजवळ निम्म्यावर आल्याचें दिसतें. काळे मतदार तर बहुतेक बाहेर गेलेच, पण गरीब गोरेही कमी गेले नाहींत.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. या घटनेच्या राज्यांत मोजणी प्रामाणिकपणानें केली, तरी निकाल प्रामाणिक ठरत नव्हता. पेटींत पडलेलीं मतें बिनचूक मोजणाऱ्यास पेटीपर्यंत न पोंचलेलीं मतें दिसत नाहींत. इतिहासकाराला मात्र तीं दिसलीं पाहिजेत.

स्त्रियांना १९२० मध्यें राष्ट्रीय घटनेच्या दुरुस्तीनें मत मिळालें. व्हर्जिनियानें त्या दुरुस्तीस स्वतःची संमति १९५२ मध्यें, म्हणजे बत्तीस वर्षांनीं, दिली. १९६४ च्या चोविसाव्या दुरुस्तीनें राष्ट्रीय पदांच्या निवडणुकींतील डोईपट्टी रद्द केली, पण राज्याच्या निवडणुकींत ती तशीच राहिली. तिच्याविरुद्ध फेअरफॅक्स परगण्यांतील ॲनी हार्पर यांनीं व नदीमुखापलीकडच्या नॉर्फोक शहरांतील एव्हलिन बट्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनीं दाद मागितली. २४ मार्च १९६६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं निर्णय दिला कीं, मताचा अधिकार मनुष्याच्या संपत्तीवर अवलंबून ठेवतां येत नाहीं. तत्पूर्वीं, ६ ऑगस्ट १९६५ रोजीं, मताधिकार कायदा अंमलांत आलाच होता. पुढल्याच वर्षीं, १९६७ मध्यें, विल्यम फर्ग्युसन रीड हे त्या विधिमंडळांत अनेक दशकांनंतर निवडून आलेले पहिले काळे सभासद ठरले. तेव्हां १६१९ पासून चालत आलेल्या सभेचा दरवाजा सर्वांना खऱ्या अर्थानें उघडल्याला अद्याप साठ-सत्तर वर्षेंही झालेलीं नाहींत.

(४)

मताधिकार मिळाला म्हणजे सर्व मिळालें असें नाहीं. मतें कोणत्या रेषेच्या आंत मोजलीं जातात, हा पुढचा प्रश्न. १५ जून १९६४ रोजीं डेव्हिस विरुद्ध मान या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें व्हर्जिनियाची तत्कालीन मतदारसंघरचना घटनाबाह्य ठरविली. वाढत्या शहरांना व उपनगरांना लोकसंख्येच्या मानानें जागा कमी आणि ओसरत्या खेड्यांना अधिक, असा तिचा दोष होता. लोक नव्या घरांत राहावयास गेले, पण प्रतिनिधित्व जुन्या शेतांतच राहिलें होतें. त्या निर्णयानें उपनगर ही राजकारणांत एक गणनीय वस्तु झाली.

तरीही पुढें बरीच वर्षें मोठ्या शहरांतून एकाच मतदारसंघांतून अनेक सभासद एकत्र निवडण्याची पद्धति चालू होती. तिचा परिणाम असा होई कीं, बहुसंख्य गटाला सर्वच जागा मिळाव्या व अल्पसंख्यांस एकही मिळूं नये. १९८१ ची रचना न्यायालयांत टिकली नाहीं. त्यामुळें १९८१, १९८२ व १९८३ अशा लागोपाठ तीन वर्षीं त्या सभागृहाच्या निवडणुका घ्याव्या लागल्या, आणि १९८२ पासून सर्व शंभर मतदारसंघ एकसदस्य झाले. ज्या अर्थानें आपण मतदारसंघ हा शब्द वापरतों, त्या अर्थानें न्यूपोर्ट न्यूजमधील या मतदारसंघाचा जन्म याच फेररचनेचा.

प्रारंभीं ही जागा डेमोक्रॅटिक पक्षाच्या ॲलन डायमनस्टीन यांजकडे होती. ते १९६८ पासून २००२ पर्यंत सभागृहांत होते. त्यांच्यानंतर २००१ च्या निवडणुकींत रिपब्लिकन पक्षाचे ग्लेन ओडर आले, आणि २०११ मध्यें त्याच पक्षाचे डेव्हिड यान्सी. २०१५ मध्यें यान्सींविरुद्ध शेली सायमंड्स उभ्या राहिल्या व सरळ पराभूत झाल्या. म्हणजे २०१७ ची लढत ही त्याच दोघांची दुसरी लढत होती.

२०११ ची सीमारचना ही या इतिहासांतील महत्त्वाची पायरी आहे. दर दहा वर्षांनीं जनगणनेनंतर सीमा नव्यानें आखावयाच्या, आणि तें काम विधिमंडळानेंच करावयाचें, अशी तेव्हां रीत होती. म्हणजे मतदारांनीं प्रतिनिधि निवडण्यापूर्वीं प्रतिनिधींनीं आपापले मतदार निवडून घ्यावयाचे. सभागृहांत रिपब्लिकन पक्षाचें बहुमत होतें. बारा मतदारसंघांत मतदानक्षम वयाच्या काळ्या लोकांचें प्रमाण निदान शेकडा ५५ ठेवावयाचें असें त्या रचनेचें धोरण होतें. वरवर पाहतां हें अल्पसंख्यांच्या हिताचें वाटतें. परंतु काळे मतदार थोड्या मतदारसंघांत दाटून बसविले, म्हणजे शेजारच्या मतदारसंघांतील त्यांचें बळ आपोआप कमी होतें. चौऱ्याण्णवाव्याचा शेजारी पंच्याण्णवावा हा त्या बारांपैकींच एक होता. या धोरणाविरुद्ध बेथ्यून-हिल यांच्या नांवानें खटला दाखल झाला व तो अनेक वर्षें चालला. २०१७ ची निवडणूक या वादग्रस्त रेषांवरच झाली, हें विसरतां कामा नये.

(५)

७ नोव्हेंबर २०१७ रोजीं मतदान झालें. राज्यभर डेमोक्रॅटिक पक्षाची लाट होती. सभागृहांतील त्यांची संख्या ३४ वरून ४९ वर गेली. न्यूपोर्ट न्यूजमध्यें मात्र पहिल्या मोजणीअखेर यान्सी १० मतांनीं पुढें राहिले. एकूण मतें तेवीस हजारांहून अधिक. त्यांत तिसऱ्या एका उमेदवारास गेलेलीं कांहीं शेंकडा मतेंही होतीं. सायमंड्स यांनीं फेरमोजणी मागितली. १९ डिसेंबर रोजीं फेरमोजणी होऊन सायमंड्स ११,६०८ व यान्सी ११,६०७ असा आंकडा आला. सायमंड्स एका मतानें विजयी झाल्या, असें त्या सायंकाळीं सर्वांनीं मानलें.

दुसऱ्या दिवशीं, २० डिसेंबरला, तीन न्यायाधीशांच्या मंडळापुढें एकच मतपत्रिका आली. मोजणींतील एका अधिकाऱ्यानें मागाहून तिच्याविषयीं शंका काढली होती. त्या मतदारानें यान्सी व सायमंड्स या दोघांच्याही नांवापुढील वर्तुळें भरलीं होतीं, आणि सायमंड्स यांच्या वर्तुळावर एक तिरकी रेघ ओढली होती. अन्य पदांसाठीं त्यानें रिपब्लिकन उमेदवारांस मत दिलें होतें. मात्र राज्यपालपदाच्या उमेदवारापुढेंही एक जादा खूण होती. आदल्या दिवशीं मोजणाऱ्यांनीं, दोघांस मत दिलें म्हणून, ही पत्रिका बाद धरली होती. न्यायाधीशांनीं मतदाराचा हेतु यान्सींस मत देण्याचा होता असा अर्थ लावला. दोघांचींही मतें ११,६०८ झालीं.

ज्यांनीं हस्तलिखितांच्या पाठांवर काम केलें आहे, त्यांस हा प्रसंग परका वाटणार नाहीं. एका ओळींतील एक रेघ ही लेखकाची दुरुस्ती कीं हातचूक, हें आपण त्याच लेखकाच्या इतर ओळी पाहून ठरवितों. न्यायाधीशांनींही तेंच केलें. पण पाठनिर्णयांत आपण दुसरा पाठ तळटीपेंत जतन करूं शकतों. निवडणुकींत तळटीपेला जागा नाहीं. एक पाठ स्वीकारला कीं दुसरा नष्ट होतो. सायमंड्स यांनीं निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून केलेली विनंति मंडळानें ३ जानेवारीस नाकारली. समान मतें पडल्यास सोडत काढावी असा राज्याचा कायदाच आहे. त्याप्रमाणें ४ जानेवारीचा, आरंभीं वर्णिलेला, विधि झाला. १० जानेवारीस विधिमंडळाचें सत्र सुरू होतांना सायमंड्स यांनीं पराभव मान्य केला.

तेवीस हजार कागद माणसांच्या हातून जातात, तेव्हां एका कागदाची चूक होणार नाहीं असें कोण म्हणेल? पहिल्या मोजणींत दहांचा फरक, दुसरींत उलट दिशेनें एकाचा, तिसऱ्या दिवशीं शून्य. मोजणी हें एक प्रमाण आहे, आणि प्रत्येक प्रमाणाची एक मर्यादा असते. धान्य तोलण्याच्या कांट्यावर गुंजेचा हिशेब होत नाहीं. फरक त्या मर्यादेच्या आंत आला, म्हणजे लोकमत कोणत्या बाजूस आहे या प्रश्नाचें उत्तर देण्याचें सामर्थ्य मोजणींत उरत नाहीं. तें उरलें नाहीं हें उघड कबूल करण्याची रीत म्हणजे सोडत होय.

(६)

सोडतीस हसणाऱ्यांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं, हा उपाय अडाणी लोकांचा नसून विचारी लोकांचा आहे. आपल्या धर्मशास्त्रांत दायविभागाच्या प्रकरणीं गुटिकापात हा शब्द येतो. भावाभावांचे वांटे समान पाडले, पण कोणता वांटा कोणाचा हें ठरविण्यास कांहीं कारण उरलें नाहीं, म्हणजे गुटिका टाकून ठरवावें. जीमूतवाहनानें दायभागांत विभागाची व्याख्या करतांना हा शब्द घेतला आहे. येथें क्रम महत्त्वाचा आहे. आधीं वांटे समान पाडावयाचे, मग गुटिका टाकावयाची. वांटे विषम ठेवून टाकलेली गुटिका ही न्याय होत नाहीं.

बौद्धांच्या विनयपिटकांत संघांतील वाद बहुमतानें मिटविण्यासाठीं शलाका वांटण्याचा विधि आहे. तेथें शलाका गोळा करणारा भिक्षु कसा असावा याविषयीं अट आहे: छंद, द्वेष, मोह आणि भय या चार वाटांनीं तो जाणारा नसावा. मतें मोजण्याचें तंत्र सांगण्याबरोबरच मोजणाऱ्याचें शील त्या शास्त्रकारांनीं सांगितलें.

तिसरा दाखला कोरीव लेखांचा. तामिळनाडूंतील उत्तरमेरूर येथील वैकुंठपेरुमाळ मंदिराच्या भिंतीवर चोळ राजा पहिला परांतक याच्या कारकीर्दींतील, इ. स. ९१९ व ९२१ चे, दोन लेख आहेत. गांवाचे तीस भाग करावे. प्रत्येक भागांतील पात्र माणसांचीं नांवें ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घटांत घालावीं. सभेसमक्ष एका अजाण मुलाकडून एक तुकडा काढवावा, असा त्यांत निर्बंध आहे. मागील कामाचा हिशेब न दिलेला मनुष्य व त्याचे आप्त यांना घटांत स्थान नाहीं. हा बंदोबस्त वाखाणण्याजोगा आहे यांत शंका नाहीं. पण त्याच लेखांत घटांत नांव जाण्यासाठीं करभारित जमीन, स्वतःच्या जागेवरचें घर, वयाची मर्यादा आणि वेदाध्ययन यांची अट आहे. ही ब्राह्मणांच्या अग्रहाराची सभा होती. मुलाचा हात निष्पाप होता, परंतु घटांत कोणाचीं नांवें पडावीं हें त्या हातानें ठरविलेलें नव्हतें. उत्तरमेरूरचें जे लोक केवळ गुणगान करतात, त्यांनीं हा दुसरा भागही वाचावा. दीड डॉलरची डोईपट्टी आणि करभारित जमिनीची अट यांत काळाचें अंतर एक सहस्र वर्षांचें आहे. जातीचें अंतर फारसें नाहीं.

आपल्याकडील आजचा कायदाही सोडतीचाच आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६५ व्या कलमान्वयें दोन उमेदवारांस समान मतें पडल्यास निवडणूक अधिकाऱ्यानें तत्काळ चिठ्ठी काढावयाची, आणि जिच्या बाजूनें ती निघेल त्या उमेदवारास एक मत अधिक मिळालें असें समजावयाचें. ही कल्पित मताची युक्ति मोठी मार्मिक आहे. दैवाला कायद्यानें मतदार केलें आहे. २०१७ सालींच, फेब्रुवारींत, मुंबई महानगरपालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागांत शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांच्या उमेदवारांस प्रत्येकीं ५,९४६ मतें पडलीं, व जागा चिठ्ठीनें भाजपकडे गेली. व्हर्जिनियाचा प्रसंग त्यानंतर दहा महिन्यांनीं घडला. गिरगांवांत जें झालें तें न्यूपोर्ट न्यूजमध्यें झालें, इतकाच त्यांतील चमत्कार.

(७)

आतां चिठ्ठीनंतर काय झालें तें पाहूं, कारण विधानाची खरी कसोटी तेथें आहे.

त्या वर्षीं विधिमंडळापुढें मुख्य प्रश्न होता तो गरिबांच्या वैद्यकीय मदतीचा. मेडिकेड योजनेचा विस्तार करावा कीं नाहीं, यावर कित्येक वर्षें वाद चालू होता. चिठ्ठीनें सभागृह रिपब्लिकन पक्षाकडे राहिलें. म्हणून विस्तार होणार नाहीं, असें अनुमान कोणी केलें असतें तर तें चुकलें असतें. ३० मे २०१८ रोजीं कनिष्ठ सभागृहानें तो ६७ विरुद्ध ३१ मतांनीं मंजूर केला, राज्यपाल राल्फ नॉर्दम यांनीं ७ जूनला सही केली, आणि १ जानेवारी २०१९ पासून सुमारें चार लक्ष लोकांस लाभ होईल अशी ती योजना चालू झाली. मागील नोव्हेंबरच्या लाटेचा अर्थ बहुमतवाल्यांपैकीं अनेकांनीं ओळखला होता. म्हणजे एका जागेचा निकाल चिठ्ठीनें फिरला, पण लाखो मतांनीं दिलेला एकंदर कौल चिठ्ठीनें फिरला नाहीं.

सीमारेषेचें तसें नाहीं. २६ जून २०१८ रोजीं बेथ्यून-हिल खटल्यांत तीन न्यायाधीशांच्या न्यायालयानें अकरा मतदारसंघ घटनाबाह्य ठरविले, कारण ते वंशाच्या आधारें आखले होते. त्यांत पंच्याण्णवावा होता. न्यायालयानें नेमलेल्या तज्ज्ञानें २०१९ च्या आरंभीं नव्या सीमा आखून दिल्या. त्याविरुद्धचें सभागृहाचें अपील सर्वोच्च न्यायालयानें १७ जून २०१९ रोजीं, सभागृहास तें करण्याचा अधिकारच नाहीं म्हणून, पांच विरुद्ध चार मतांनीं काढून टाकलें. शेजारच्या रेषा बदलल्यानें चौऱ्याण्णवाव्याच्याही बदलल्या. नोव्हेंबर २०१९ मध्यें तेच दोन उमेदवार तिसऱ्यांदा समोरासमोर आले. दोन वर्षांपूर्वीं ज्यांच्यांत केसाचेंही अंतर नव्हतें, त्यांत या वेळीं सायमंड्स मोठ्या फरकानें निवडून आल्या. लोकांचें मतही कांहीं अंशीं बदललें असेल, तें नाकारण्याचें कारण नाहीं. पण मतदारसंघाचा नकाशा बदलला होता, हें तर उघडच आहे. सभागृहही ५५ विरुद्ध ४५ असें डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलें.

यानंतर २०२० च्या नोव्हेंबरांत व्हर्जिनियाच्या मतदारांनीं घटनादुरुस्ती करून सीमा आखण्याचें काम एका आयोगाकडे दिलें. आठ आमदार व आठ नागरिक असे त्याचे सोळा सभासद. २०२१ मध्यें त्यांचें एकमत झालें नाहीं. दोन पक्षांचे समसमान सभासद समसमानच भांडले. तेव्हां राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें दोन तज्ज्ञांकडून नकाशे करवून २८ डिसेंबर २०२१ रोजीं मंजूर केले. २०२३ च्या निवडणुकीपासून ते लागू झाले. त्या नकाशांत न्यूपोर्ट न्यूजच्या या भागास सत्तरावा क्रमांक मिळाला आणि सायमंड्स तेथून निवडून आल्या. चौऱ्याण्णव हा क्रमांक पाण्यापलीकडे नॉर्फोक शहरांत गेला, जेथें एव्हलिन बट्स यांनीं डोईपट्टीविरुद्ध लढा दिला होता. ज्या मतदारसंघाचें नांव चिठ्ठीमुळें जगांत झालें, तो त्या नांवानें आज त्या जागीं नाहीं.

(८)

वरील हकीकतीवरून निष्कर्ष असा निघतो. या एका उपनगरी जागेच्या इतिहासांत निकालावर परिणाम करणारीं तीन प्रकारचीं कारणें दिसतात. पहिलें, मताधिकाराच्या अटी. त्यांनीं १९०२ पासून १९६६ पर्यंत राज्यांतील मतदारांपैकीं फार मोठा भाग मतपेटीपासून दूर ठेवला. दुसरें, सीमारेषा. तिनें कोणाचें मत कोणाच्या मताशेजारीं मोजलें जावें हें ठरविलें, आणि ती पालटतांच त्याच दोन उमेदवारांची तुलना पालटली. तिसरें, चिठ्ठी. तिनें एका खुर्चीवर दोन वर्षें कोण बसावें एवढेंच ठरविलें, आणि तेंही दोघांस समान संधि देऊन.

पहिलीं दोन कारणें हेतुपूर्वक होतीं. त्यांचा लाभ कोणास व्हावा हें तीं निर्माण करणारांस ठाऊक होतें. म्हणूनच त्यांच्याविरुद्ध न्यायालयांत जावें लागलें व तीं दूर करण्यास पिढ्या खर्चीं पडल्या. चिठ्ठीला हेतु नव्हता. तरी हंसें झालें तें चिठ्ठीचें. कारण ती सर्वांसमक्ष, एका पात्रांतून, एका क्षणांत निघाली. डोईपट्टीची पावती आणि नकाशावरची रेघ यांचें हंसें कधीं झालें नाहीं, कारण त्यांचा परिणाम कचेरींतल्या कागदांत, सावकाश आणि निमूटपणें होत असे.

मतदारसंघांचा इतिहास लिहूं इच्छिणाऱ्या तरुण अभ्यासकांनीं म्हणून निकालांच्या कोष्टकापासून आरंभ करूं नये असें सुचवावेंसें वाटतें. महाराष्ट्रांतील उपनगरांचाही असा इतिहास लिहिला जाणें अगत्याचें आहे. तेथेंही मताधिकार १९१९ व १९३५ च्या कायद्यांतील मालमत्तेच्या व शिक्षणाच्या अटींतून टप्प्याटप्प्यानें विस्तारला आणि सीमा वेळोवेळीं नव्यानें आखल्या गेल्या. कोष्टक हें शेवटचें पान आहे. त्याआधीं मतदारयादी पाहावी, तींत कोण नाहीं तें पाहावें, मग नकाशा पाहावा, आणि तो कोणाच्या हातचा आहे तें पाहावें. गुटिका टाकण्यापूर्वीं वांटे समान होते कीं नाहीं, हा जीमूतवाहनाच्या व्याख्येंतून उठणारा प्रश्न प्रत्येक निवडणुकीस विचारण्यासारखा आहे.